टॅटिंग शिकायचंय? आधी गाठ पलटू द्या, डिझाइन मागून येतं

जुन्या रुमालाच्या नाहीतर उशीच्या अभ्र्याच्या कडेला बारीक गोल गोल चक्रांची लेस बघितली असेल तुम्ही, प्रत्येक चक्राला छोटे छोटे कान, ती टॅटिंगची लेस. बरेच जण तिला क्रोशाच समजतात. क्रोशाला हुकाची सुई लागते आणि टोक ओढलं की सगळं भराभर उसवतं, टॅटिंगला हातात मावेल एवढं होडीसारखं शटल लागतं आणि सगळं काम गाठींचं, त्यामुळे एकदा रिंग, म्हणजे ते गोल चक्र, ओढून बंद केली की ती उघडणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. हा तिचा त्रास पण आहे आणि मला ती आवडते ती पण याच्यामुळेच, कारण ओढायच्या आधी नीट बघावं लागतं.

मी शिकले आत्याकडून. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ती झोपाळ्यावर बसायची, एका पायाने झोका देत, तोंडाने गप्पा चालू, मधेच एखादा आकडा पुटपुटायची आणि परत गप्पांचा धागा तिथूनच उचलायची. शटलच्या दोन पात्यांच्या टोकांमधून दोरा निसटला की टक् असा बारीक आवाज होतो, आम्ही आतल्या खोलीत असलो आणि टक् टक् ऐकू आलं की समजायचं आत्याने नवीन रिंग घेतली. मला मात्र आठ दिवस नुसता गुंता जमला. आज कोणी विचारलं की तुला डिझाइन सुचतात कशी, तर खरं सांगायचं तर डोक्यात आधी काहीच येत नाही, हात चालायला लागला की सुचतं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची एवढी शिस्त ठेवली की सुचलेलं हाताला लागतं. तेच इथे लिहितेय, आधी गाठ आणि मग बाकीचं.

सामान फार नाही. एक शटल, सुती मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमकदार केलेल्या, दोऱ्याचा गोळा, बारीक क्रोशाची सुई, छोटी कात्री आणि टोकं लपवायला एक साधी सुई. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे उलटं आहे ते लक्षात ठेवा, १० नंबर जाडा, ८० नंबर अगदी केसासारखा. सुरुवात २० नंबरने करा, नजर कमी असेल तर १०. सहा पदरी भरतकामाचा रेशीमदोरा सुरुवातीला घेऊ नका, त्याचे पदर सुटे होतात आणि गाठ सरकत नाही. लोकर तर नाहीच. आता शटल. मंगळ बाजारात मी एका दुकानात मागितलं तर काकांनी शिवणयंत्राचं शटल काढून ठेवलं समोर, मग हातवारे करून सांगितल्यावर म्हणाले, बेन, ए तो हवे कोई मांगतुं ज नथी (ते आता कोणी मागतच नाही). म्हणजे विचारायचं असेल तर 'टॅटिंगचं' हा शब्द आधी लावा, आणि नाहीच मिळालं तर ऑनलाइन सहज मिळतं, प्लॅस्टिकचं साधं चालेल, फक्त दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट चिकटलेली हवीत नाहीतर दोरा आपोआप सुटत राहतो. शटलवर दोरा गुंडाळताना पात्यांच्या बाहेर येईल इतका भरू नका, कडेचा दोरा मळतो आणि पांढऱ्या लेसवर ते लगेच दिसतं.

आता गाठ. इथेच नव्वद टक्के लोक सोडून देतात असं मला वाटतं, म्हणून सावकाश वाचा आणि दोरा हातात घेऊनच वाचा.

दोन रंग घ्या. शटलवर लाल, आणि गोळा पांढरा. दोन्हींची टोकं एकत्र गाठ मारून ती गाठ डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. पांढरा दोरा बोटांच्या पाठीवरून नेऊन करंगळीला दोन वेढे द्या म्हणजे तो सटकणार नाही. मधलं बोट जरा वर उचललेलं ठेवा, पांढरा दोरा ताठ राहिला पाहिजे. शटल उजव्या हातात, चिमटीपासून शटलपर्यंत वीतभर लाल दोरा मोकळा. आता लाल दोरा उजव्या हाताच्या पाठीवर टाका, शटल पांढऱ्या दोऱ्याच्या खालून पलीकडे न्या, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या जागेतून, आणि वरून परत आणा. इथपर्यंत कोणालाही जमतं. नीट बघितलंत तर या घडीला लाल दोऱ्याने पांढऱ्याला वेढा घातलेला दिसेल. हे चुकीचं आहे, आणि असंच ओढलं तर गाठ बसली, संपलं, ती जागची हलणार नाही.

आता डाव्या हाताची बोटं ढिली सोडा. अगदी पूर्ण, पांढरा दोरा लोंबला पाहिजे. आणि मग लाल दोरा ताठ ओढा. गाठ टुणकन पलटते, खरंच उडी मारल्यासारखी, आणि आता पांढरा दोरा लालभोवती गुंडाळलेला दिसतो, लाल आतमध्ये सरळ काडीसारखा. लाल तसाच ताठ धरून ठेवा आणि मधलं बोट हळूच उचला, गाठ सरकत सरकत चिमटीपाशी येऊन बसेल.

ही अर्धी गाठ झाली. दुसरी अर्धी सोपी, या वेळी उजव्या हातावर दोरा टाकायचा नाही, शटल पांढऱ्याच्या वरून पलीकडे न्यायचं आणि खालून परत आणायचं, मग परत तेच, डावा हात ढिला, लाल ताठ, पलटी, मधलं बोट वर. दोन अर्ध्या मिळून एक डबल गाठ. परीक्षा अशी की पाच-सहा गाठी झाल्या की लाल दोरा पुढेमागे ओढून बघा, गाठींच्या आतून तो सरसर सरकला तर तुम्ही पास, आणि मधे कुठे लाल ठिपका दिसतोय तर ती गाठ पलटलेली नाही.

माझे आठ दिवस इथेच गेले. मी डावा हात सोडतच नव्हते, दोन्ही हातांनी घट्ट धरून जोर लावायचे. शेवटी आत्याने माझ्या मधल्या बोटावर तिचं बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं हे ढिलं सोड ना, गाठ तुला मारायची नाहीये, तिची तिला पलटू दे." त्या एका वाक्यावर जमलं. नंतर मी बऱ्याच जणींना शिकवलं, सगळ्यांचं हेच होतं, बायका म्हणतात माझे हातच जड आहेत, तसं काही नसतं, फक्त आपल्याला एक हात सोडायची सवय नसते.

रिंग म्हणजे हेच, फक्त एका दोऱ्यावर. शटलचाच दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती पूर्ण फिरवून परत चिमटीत आणा, गोल वेढा तयार झाला, त्याच वेढ्यावर गाठी घालत जा. वेढा लहान झाला तर चिमटीच्या खालच्या बाजूने गोल ओढून मोठा करा. झालं की वेढा बोटांतून काढा आणि शटलचा दोरा हळूहळू ओढा, रिंग बंद. दोन गाठींमध्ये मुद्दाम थोडी जागा सोडली आणि पुढची गाठ मागच्याला चिकटवली की त्या जागेतला दोरा वर येऊन कान होतो, त्याला पिकॉट म्हणतात, आत्या कानच म्हणायची. जागा जेवढी सोडाल त्याच्या निम्म्या उंचीचा कान होतो. सगळे कान सारखे यावेत म्हणून जुन्या व्हिजिटिंग कार्डाची पाच मिलिमीटरची पट्टी कापून मधे धरा, चार दिवसांनी हाताला अंदाज येतो.

पॅटर्न वाचणं सोपं आहे, ५–५–५–५ म्हणजे पाच डबल गाठी, कान, पाच, कान, पाच, कान, पाच आणि रिंग बंद. पहिली कडेची लेस याचीच करा. एक रिंग झाली की अर्धा सेंटिमीटर दोरा मोकळा सोडा, दुसरी रिंग घ्या, पाच गाठी घाला आणि आता मागच्या रिंगचा शेवटचा कान डाव्या हातावरच्या दोऱ्यावर ठेवा, क्रोशाच्या सुईने तो दोरा कानातून वर ओढा, त्या फासातून शटल काढा आणि घट्ट करा, झाला जॉइंट. मग ५–५–५ पुढे. जॉइंट केल्यावर आतला दोरा सरकतोय ना हे तिथल्या तिथे बघा, नाहीतर रिंग बंदच होणार नाही. एक वीत लेस होईपर्यंत दुसरं काही करू नका, मला माहितेय कंटाळा येतो, पण हात तेवढ्यानेच बसतो.

फ्रेंचमध्ये या कामाला फ्रिव्होलिते म्हणतात, म्हणजे असंच हलकंफुलकं काहीतरी, इटालियन नाव बडबडीवरून आलंय, कियाक्किएरिनो, झोपाळ्यावरच्या आत्याला ते बरोब्बर लागू. जर्मनमध्ये छोट्या होडीचं काम. आणि तिकडेच त्याला ओक्की पण म्हणतात, तो मूळ इटालियन शब्द, अर्थ डोळे. मला हे नाव सगळ्यात आवडतं, कारण रिंगा खरंच डोळ्यांसारख्या दिसतात आणि लेस बघायची म्हणजे दोरा नाही, मधली रिकामी जागा बघायची. इंग्लंडमध्ये १८५० पासून रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी टॅटिंगची पुस्तकं छापली आणि १८८६ मध्ये तेरेझ द दिलमॉन्ट यांच्या सुईकामाच्या जाडजूड ज्ञानकोशातही त्याला जागा मिळाली, म्हणजे दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ लोक एकच गाठ घालतायत आणि तरी नवीन डिझाइन्स संपत नाहीत. आपल्या बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढलं ते बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, तेव्हा सुईदोरा हा आपल्याकडे फावल्या वेळचा खेळ म्हणून कोणी हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता सुचण्याचं बघू. वीस गाठींची रिंग घ्या आणि वीस हा आकडा बदलायचा नाही असं ठरवा. कान कुठे येतात एवढंच बदला. १०–१० केलं आणि एकच कान लांब ठेवला तर थेंबाला शेंडी आल्यासारखं दिसतं. ४–४–४–४–४ केलं की गोल फूल. प्रत्येक दोन गाठींनंतर कान दिला तर शेवंती. ३–४–३–३–४–३ मध्ये कानांची लय अशी लंगडी येते की चार रिंगा शेजारी ठेवल्या की नवीनच काहीतरी दिसायला लागतं, हे मी ठरवून केलं नव्हतं, मोजताना चुकले होते. अशा आठदहा रिंगा झाल्या की कार्डावर शिवा आणि खाली आकडे लिहा. मग दुसऱ्या आठवड्यात आकडे तेच, फक्त दोऱ्याचा नंबर बदला, १० ऐवजी ४०. जाड्यात जे ढोबळ वाटलं होतं तेच बारकात दागिन्यासारखं दिसतं, कधी उलटं पण होतं. एकदम रंग, नंबर, कान सगळं बदललं तर छान दिसलं तरी का छान दिसलं ते कळत नाही आणि परत करता येत नाही, म्हणून मी एकेक म्हणतेय.

झालेलं काम काळ्या कापडावर ठेवा, जुना काळा ब्लाउजपीस पण चालेल, आणि हात लांब करून बघा. मग फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेला की कुठे भोक मोठं झालंय, कुठे गर्दी झालीय ते एकदम दिसतं. मग उलटी बाजू बघा, मागून प्रत्येक कानापाशी दोऱ्याची आडवी रेघ दिसते, पुढून दिसत नाही, कोणती बाजू पुढची ठेवायची हे तुम्ही ठरवायचं. मला एकदा मागचीच जास्त आवडली.

डिझाइनसाठी स्क्रीनवरच बघत बसू नका. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा किती वेळा समोरून गेलो असू आपण, आत भिंतीभर चित्रं आहेत आणि चित्रांना कडा आहेत, त्या कडा बघा, फुलाला फूल कसं जोडलंय, मधे काय टाकलंय. पन्नासेक किलोमीटरवर चांपानेर, २००४ पासून जागतिक वारसा, तिथल्या जामी मशिदीच्या दगडी जाळ्यांसमोर मी वही घेऊन तासभर बसले होते, आणि कळलं की जाळीवाल्याने पण भोकंच कोरलीत, दगड उरला तो उरला. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा, खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, तो आता इथे नाही, २००९ मध्ये दोह्यात लिलाव झाला, पण फोटो बघायला मिळतात, मधोमध तीन मोठी चक्रं आहेत, फोटो मोठा करून फक्त एक चक्र कागदावर उतरवा. आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानाच्या कडेला जिथे गच्ची असेल तिथे एकदा चढून वरून बघा. आतलं वर्तुळ, त्याच्या बाहेरचं, त्याच्या बाहेरचं, आणि आतल्यापेक्षा बाहेरच्या रांगेत माणसं जास्त लागतात. माझा पहिला, चहाची किटली झाकायच्या टीकोजीवरचा, गोल रुमाल वर गोळा होऊन वाटीसारखा झाला होता कारण मी प्रत्येक फेरीत रिंगा तेवढ्याच घेतल्या होत्या, गरबा बघून डोक्यात प्रकाश पडला. फेरी वाटी व्हायला लागली तर रिंगा वाढवा, कडेला झालर पडायला लागली तर कमी करा.

कागदावर मांडायचं तर बांगडी आणि पाच रुपयाचं नाणं ठेवून गोल काढा, कापा, टेबलावर सरकवत बसा. मुलांना पण द्या, ती आपल्याला न सुचणाऱ्या जागी गोल ठेवतात.

चूक झाली तर लगेच कात्री घेऊ नका. रिंग बंद झाल्यावर चूक दिसली तर शेवटच्या कानाच्या दोन बाजूंच्या गाठी नखाने ताणा, मधे आतला दोरा दिसेल, बोथट सुईने तो थोडा थोडा ओढून ढिला करत न्या, उन्हात बसून करा, रात्री नको. पण त्याआधी पाच मिनिटं तशीच ठेवून बघा. एक कान राहिला असेल तर पुढच्या रिंगमध्येही तोच सोडला तर कसं दिसेल? एकदा चुकलेलं दुसऱ्यांदा मुद्दाम केलं आणि माझी दोन डिझाइन्स अशीच झालीत. गाठ मात्र पलटलेली नसेल तर काढावीच लागते, तिथे तडजोड नाही.

टॅटिंग आणि भरतकाम एकत्र पण छान जमतं. आपल्याकडे आभल्याचं काम घरोघरी आहे, तर आरसा टाक्यांनी बसवायच्या ऐवजी मी रिंगने बसवते. रिंगचा आतला गोल आरशापेक्षा लहान हवा आणि भोवतीचे कान आरशाच्या बाहेर पोचायला हवेत, आकडा आपल्या दोऱ्यावर करून बघूनच ठरवा, आणि रिंग पूर्ण ओढू नका, पूर्ण ओढली की थेंबासारखी होते, गोल राहत नाही. आरशाला मागून फेव्हिकॉलचा एक ठिपका लावून कापडावर ठेवा, वर रिंग, मग एकेक कान बारीक टाक्याने कापडाला शिवा, आणि भोवती साखळी टाक्याची एक फेरी. चोळीच्या बाहीवर पाच आरसे असे बसवले होते, वर्षभर धुतले, एकही हलला नाही.

शेवटी फिनिशिंग. टोकं गाठ मारून नुसती कापू नका, सुईत ओवून मागच्या गाठींमधून सेंटिमीटरभर नेऊन मग कापा. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, चोळू नका, दाबा. टॉवेलवर पसरून प्रत्येक कान टाचणीने ताणून वाळू द्या, आणि टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, माझ्या पहिल्या लेसवर साध्या टाचण्यांच्या गंजाचे ठिपके आहेत ते अजून गेले नाहीत. कडक हवी असेल तर भाताची पातळ पेज गाळून त्यात बुडवा. रंगीत दोरा असेल तर आधीच ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, एका दुकानातला लाल दोरा माझ्या पांढऱ्या साडीच्या काठावर गुलाबी उतरला होता आणि तेव्हा सगळं शिवून झालं होतं. साडीला लावायची लेस धुऊन, वाळवून मगच लावा, सुती दोरा थोडा आटतो, आणि मोजमापापेक्षा चार बोटं जास्त करून ठेवा, कारण शेवटी दोन रिंगा कमी पडल्या तर त्याच लॉटचा त्याच छटेचा गोळा परत मिळेलच असं नाही.